टेबलावर नेटवर्क बूट चालतं, रॅकमध्ये तोच सर्व्हर अडकतो (डेबियन १२, यूईएफआय, डीएनएसमास्क)

काटाघर_सोलापूर

नमस्कार मंडळी,

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या ईडीपी (संगणक) विभागात आहे. विभाग म्हणजे मी, एक ऑपरेटर आणि हंगामापुरती येणारी दोन मुलं. गळीत हंगाम तोंडावर आलाय. मोळी पडायच्या आत मला तीन सर्व्हर आणि वजनकाट्यांवरचे, शेतकी ऑफिसातले मिळून ११ संगणक नव्याने उभे करायचे आहेत.

पेनड्राइव्हने का करत नाही, असं कुणीतरी विचारेलच. मागच्या वर्षी पेनड्राइव्हनेच केलं होतं. तीन माणसांनी, तीन वेगळ्या दिवशी. ज्याने त्याने डिस्कचे भाग आपल्या सवयीने पाडले. जानेवारीत दोन नंबरच्या काट्यावरचा संगणक लॉगने डिस्क भरून बसला. बाकी सगळे चालू आणि हा एकच का बंद, हे शोधण्यात रात्रीचे दोन तास गेले. तोवर काट्यापासून थेट हमरस्त्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या. तोडलेला ऊस जितका थांबतो तितका वाळतो आणि वजनाला कमी भरतो, आणि ते कमी भरलेलं वजन शेतकऱ्याच्या पावतीवर येतं. म्हणून या वर्षी ठरवलं, एकच प्रीसीड फाइल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली), सगळी मशिनं एका साच्यातली, आणि इन्स्टॉलेशन नेटवर्कवरूनच.

मांडणी अशी आहे. माझ्या लॅपटॉपवर डेबियन १२, त्यावर डीएनएसमास्क हा छोटा सर्व्हर प्रोग्रॅम. डीएचसीपी (मशीनला नेटवर्कचा पत्ता) आणि टीएफटीपी (बूटच्या फाइली) दोन्ही तोच देतो. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१०.५. क्लायंट आर्किटेक्चर ७ (म्हणजे ६४-बिट यूईएफआय, नव्या धाटणीचं फर्मवेअर) आलं की यूईएफआयची ग्रब ही बूट मेनूची फाइल द्यायची, एवढा एकच नियम. प्रीसीड फाइल त्याच लॅपटॉपवरून एचटीटीपीने. सर्व्हरमध्ये इंटेलचं आय३५० चार पोर्टचं कार्ड आहे, सिक्युअर बूट सध्या बंद ठेवलंय. ब्रॉडबँडचा राउटर या नेटवर्कमध्ये नाही. दुसरा कुणी डीएचसीपी वाटत नाही ना, हे त्याची केबल काढून तपासलं.

आता घोळ सांगतो. सर्व्हर माझ्या टेबलावर, मध्ये पाच पोर्टचा साधा स्विच, अशी जोडणी केली की पाचपैकी पाच वेळा सुरळीत. चार-पाच सेकंदांत पत्ता मिळतो, ग्रबचा मेनू येतो, इन्स्टॉलर सुरू होतो आणि शेवटपर्यंत जातो. एकदाही हात लावावा लागत नाही.

तोच सर्व्हर रॅकमध्ये नेऊन मोठ्या मॅनेज्ड (सेटिंग करता येणाऱ्या) स्विचला जोडला की ‘स्टार्ट पीएक्सई ओव्हर आयपीव्ही४’ (पीएक्सई म्हणजे नेटवर्कवरून बूट होण्याची पद्धत) या ओळीवर जवळजवळ अर्धा मिनिट थांबतो. तीनातून एखाद्या वेळी पीएक्सई-ई१६ देतो, म्हणजे ऑफरच मिळाली नाही म्हणतो. बाकी वेळा पत्ता मिळतो, फाइल उतरते, कर्नल आणि इनिटआरडीही (इन्स्टॉलरची सुरुवातीची फाइल) नीट येतात. पण डेबियनचा इन्स्टॉलर सुरू झाला की लाल चौकट: नेटवर्क आपोआप जुळवता आलं नाही, तुमच्याकडे बहुधा डीएचसीपी नसावं. अहो, आत्ता याच डीएचसीपीकडून पत्ता घेऊन तू इथवर आलास ना!

आणि मला खरं कोड्यात टाकतंय ते हे, की तिथेच ‘पुन्हा प्रयत्न करा’ निवडलं की बहुतेक वेळा लगेच चालतं.

केबल बदलल्या, दोन्ही नव्या. स्विचचे तीन वेगळे पोर्ट वापरून पाहिले. लॅपटॉपची फायरवॉल पूर्ण बंद केली. सर्व्हरचं फर्मवेअर अद्ययावत केलं. काही फरक नाही. प्रत्येक मशीनसमोर उभं राहून ‘पुन्हा प्रयत्न’ दाबायचा असेल तर माझा सगळा खटाटोप कशासाठी? कुणाला असा अनुभव आहे का?

पेनड्राइव्ह_बरा

भाऊ, कार्डाचं फर्मवेअर बघा आधी. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं तेव्हापासून आयएसओमध्ये नॉन-फ्री फर्मवेअर (कार्डांना लागणारा कंपनीचा बंदिस्त कोड) असतं, पण नेटबूटच्या इनिटआरडीमध्ये ते नसतं. माझ्याकडे जुना सर्व्हर होता, ब्रॉडकॉमचं बीएनएक्स२ कार्ड. पीएक्सईला झकास चालायचं, कारण तिथे कार्डातला कोड काम करतो. लिनक्स कर्नल वर आला की कार्ड मुकं. डेबियनची फर्मवेअरची सीपीआयओ फाइल घेऊन ती इनिटआरडीच्या शेपटीला जोडली, दोन्हींची मिळून एक फाइल केली आणि तीच टीएफटीपीवर ठेवली. काम झालं.

नाहीतर पेनड्राइव्ह आहेच. ११ मशिनं म्हणजे एका दिवसाचं काम.

काटाघर_सोलापूर

दादा, आभार. ही युक्ती लिहून ठेवली, शेतकी ऑफिसातल्या जुन्या मशिनांना लागू शकते. पण इथे इंटेलचं कार्ड आहे, आयजीबी ड्रायव्हर, त्याला वेगळं फर्मवेअर लागत नाही. शिवाय फर्मवेअर नसतं तर टेबलावरही अडलं असतं.

तारजोडणी

पहिल्या वाचनात मला टीएफटीपीची शंका आली होती. लोक फायरवॉलमध्ये ६९ क्रमांकाचा यूडीपी पोर्ट उघडतात आणि काम झालं समजतात. पण ६९ वर फक्त मागणी जाते. फाइल देताना सर्व्हर स्वतःच्या बाजूने वेगळाच पोर्ट घेतो आणि पुढची सगळी देवाणघेवाण त्या पोर्टवरून होते. फायरवॉलला हे कळत नसेल तर फाइल पहिल्या घासालाच अडते. तुमची फाइल मात्र पूर्ण उतरते आहे. म्हणजे ती शंका गेली.

‘पुन्हा प्रयत्न’ केल्यावर चालतं, हे तुम्ही शेवटी लिहिलंत, पण सगळं त्यातच आहे. तेच कार्ड, तोच ड्रायव्हर, तीच केबल, तोच डीएचसीपी, आणि मिनिटभराने चालतं. मग यातलं काहीच बिघडलेलं नाही. बिघाड असलाच तर वेळेत आहे. आणि टेबल व रॅक यांत बदललाय फक्त स्विच.

तीन गोष्टी सांगा. एक, सर्व्हरची लिंक आल्यावर स्विचच्या पोर्टचा दिवा कसा वागतो. दोन, डीएनएसमास्कच्या सेटिंगमध्ये लॉग-डीएचसीपी ही ओळ टाका आणि पडद्यावर पीएक्सईची ओळ उमटल्यापासून किती सेकंदांनी पहिली डिस्कव्हर (पत्ता मागणारी हाक) लॉगमध्ये येते ते बघा. तीन, त्या स्विचवर स्पॅनिंग ट्री (केबलचा फेरा होऊ न देणारी सोय) चालू आहे का?

काटाघर_सोलापूर

रात्री दहानंतर जाऊन केलं, दिवसा सर्व्हर रूममध्ये कुणी ना कुणी येत राहतं. पडद्याचं मोबाइलवर चित्रण केलं आणि शेजारी लॅपटॉपवर लॉग उघडा ठेवला, म्हणजे वेळ जुळवता येईल.

टेबलावर: ओळ उमटली की त्याच सेकंदाला लॉगमध्ये डिस्कव्हर.

रॅकमध्ये: पडद्यावर ओळ उमटते आणि लॉग कोरा. नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणाऱ्या टीसीपीडंपमध्येही काही नाही. पहिली डिस्कव्हर दिसली ती २८व्या सेकंदाला. दुसऱ्या खेपेलाही २८. तिसऱ्या खेपेला काहीच आलं नाही आणि ई१६ पडला. हा २८ आकडा इतका पक्का कसा, ते मला कळेना.

दिवा: केबलमध्ये लिंक आली की नारिंगी होतो आणि साधारण अर्ध्या मिनिटाने हिरवा. मी इतकी वर्षं तो दिवा बघतोय, पण हा मधला काळ काय असतो हे कधी विचारलं नव्हतं.

स्पॅनिंग ट्री: चालू आहे, आणि का चालू आहे हेही सांगतो. दोन हंगामांपूर्वी एक नंबरच्या काट्याच्या केबिनमध्ये झाडलोट करताना कुणीतरी लोंबकळणारी केबल उचलून तिथल्या छोट्या स्विचमध्ये खोचली. तिचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं. पाच मिनिटांत अख्ख्या कारखान्याचं नेटवर्क आडवं. दोन्ही काटे बंद, लॅब बंद, गोदामाची एंट्री बंद. पहाटेपर्यंत हाताने पावत्या लिहिल्या. त्यानंतर नेटवर्कचं काम बघणाऱ्या एजन्सीने स्विचवर स्पॅनिंग ट्री लावलं. स्विचचा पासवर्ड त्यांच्याकडेच असतो. आज फोन केला तर म्हणाले, अडचण येतेय ना, मग ते बंदच करून टाकतो.

मी नको म्हणालो. ती पहाट मला पुन्हा बघायची नाही.

रात्रपाळी_ठाणे

बंद करू दिलं नाहीत ते फार चांगलं केलंत. तुमचे आकडे वाचून मला राहवलं नाही. मी डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करते आणि हा प्रकार वर्षातून दोनदा तरी बघते, पण इतक्या नीट मोजलेला क्वचितच.

तो २८ कुठून येतो ते सांगते. पीएक्सईचं २.१ हे स्पेसिफिकेशन इंटेलने १९९९ मध्ये काढलं. त्यात क्लायंटने किती वेळ वाट बघायची हे ठरवून दिलंय: आधी ४ सेकंद, मग ८, मग १६, मग ३२. एकूण ६० सेकंद. ऐकायला भरपूर वाटतं. पण हाका कधी मारल्या जातात ते मांडून बघा. पहिली हाक ०व्या सेकंदाला, दुसरी ४ सेकंदांनी, तिसरी १२व्या, चौथी आणि शेवटची २८व्या सेकंदाला. त्यानंतरचे ३२ सेकंद क्लायंट नुसता ऐकत बसतो, पुन्हा हाक मारत नाही.

आता स्विचकडे या. स्पॅनिंग ट्रीमध्ये पोर्टवर लिंक आली की स्विच लगेच वाहतूक सोडत नाही. पलीकडे दुसरा स्विच तर नाही ना, फेरा तर तयार होत नाही ना, हे आधी ऐकतो. १५ सेकंद लिसनिंग, १५ सेकंद लर्निंग. हाच तुमचा नारिंगी दिवा. या ३० सेकंदांत सर्व्हरने मारलेल्या हाका स्विच गिळून टाकतो. लिंक जिवंत दिसते, पण पॅकेट पुढे जात नाही. म्हणून केबल बदलून, पोर्ट बदलून काही होत नाही.

आता दोन्ही घड्याळं शेजारी ठेवा. लिंक आल्यापासून ३०व्या सेकंदाला दार उघडतं. कार्डाने पहिली हाक मारायच्या आधी लिंक दोन-तीन सेकंद आलेली असेल, तर २८वाली शेवटची हाक दार उघडल्यावर पोहोचते आणि तुम्हाला पत्ता मिळतो. लिंक जरा उशिरा आली की तीच हाक बंद दारावर आपटते, आणि ई१६. तुमची ‘तीनातून एकदा’ ही त्या एक-दोन सेकंदांतली ओढाताण आहे.

इन्स्टॉलरचं कोडंही हेच. ग्रबपर्यंत कार्ड फर्मवेअरच्या ताब्यात असतं, लिंक तुटत नाही, म्हणून कर्नल आणि इनिटआरडी झरझर येतात. मग कर्नल आयजीबी ड्रायव्हर चढवतो, ड्रायव्हर कार्ड रीसेट करतो, लिंक एक क्षण पडते. स्विचच्या दृष्टीने हे नवीनच यंत्र आलं. पुन्हा ३० सेकंद. तेवढ्यात इन्स्टॉलरचा धीर सुटतो. तुम्ही लाल चौकट वाचून ‘पुन्हा प्रयत्न’ दाबेपर्यंत दार उघडलेलं असतं.

पासवर्डशिवाय खात्री करायची असेल तर तुमचा तो पाच पोर्टचा साधा स्विच रॅकमध्ये न्या. मोठ्या स्विचची केबल त्यात, सर्व्हरची केबल त्यात. मिनिटभर थांबा, मोठ्या स्विचचा दिवा हिरवा होऊ द्या. मग सर्व्हर सुरू करा. आता सर्व्हरची लिंक कितीही वेळा पडली तरी ती छोट्या स्विचपाशी पडते, मोठ्याला पत्ताच लागत नाही. सुरळीत चाललं तर निदान पक्कं.

काटाघर_सोलापूर

ताई, काय सांगू. आत्ता रात्रीचे पावणेबारा वाजलेत, सर्व्हर रूममधूनच लिहितोय. छोटा स्विच मध्ये घातला आणि पाचपैकी पाच वेळा सरळ. एकदाही लाल चौकट नाही. ०, ४, १२, २८ हे मी इथल्या फळ्यावर लिहून ठेवलंय.

आता एजन्सीला नेमकं काय करायला सांगू? आमच्या स्विचवर आरएसटीपी आहे, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचीच नवी आवृत्ती, जलद असतं म्हणतात, तरी ३० सेकंद का लागावेत?

तारजोडणी

आरएसटीपी जलद असतं ते दोन स्विचमध्ये. एक विचारतो, दुसरा उत्तर देतो, निकाल लगेच. सर्व्हरला ही भाषा येत नाही, तो उत्तर देत नाही. तेव्हा स्विच जुन्या चालीने दोनदा १५ सेकंद मोजतो. ते टाळायला पोर्टला सांगावं लागतं की पलीकडे शेवटचं यंत्र आहे, स्विच नाही. सिस्कोवर याला पोर्टफास्ट म्हणतात, बऱ्याच ठिकाणी एज पोर्ट. काही स्विच हे आपोआप ओळखतात, तुमचा ओळखत नाही असं दिसतंय.

एजन्सीला लेखी द्या, तोंडी नको: सर्व्हरचे अमुक क्रमांकाचे पोर्ट एज करा, आणि त्याच पोर्टवर बीपीडीयू गार्ड (स्विचची चिठ्ठी, म्हणजे बीपीडीयू, आली की पोर्ट बंद करणारी सोय) लावा. एका स्विचमधून दुसऱ्या स्विचला जाणाऱ्या पोर्टला मात्र कुणी हात लावायचा नाही.

काट्यांच्या केबिनकडे जाणाऱ्या पोर्टवरही गार्ड मागून घ्या. मोठा स्विच दर दोन सेकंदांनी आपली चिठ्ठी सोडत असतो. केबिनमधल्या छोट्या स्विचमध्ये फेरा झाला की ती चिठ्ठी फिरून त्याच पोर्टवर परत येते, आणि गार्ड तेवढाच पोर्ट बंद करतो. काटा एक बंद पडेल, कारखाना नाही. फक्त गार्डने बंद केलेला पोर्ट पुन्हा कसा चालू करायचा हे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर पुन्हा पासवर्डसाठी रात्री फोन.

रात्रपाळी_ठाणे

आणि एजन्सी येईपर्यंत थांबायचं नसेल तर ग्रबमध्ये कर्नलच्या ओळीत डीएचसीपीची मुदत वाढवा, नेटसीएफजीचा (इन्स्टॉलरचा नेटवर्क जुळवणारा भाग) डीएचसीपी-टाइमआउट ६० करा. हे प्रीसीड फाइलमध्ये लिहून उपयोग नाही. ती फाइल नेटवर्कवरूनच यायची आहे, आणि नेटवर्क मिळालेलंच नाही. माझ्या एका सहकाऱ्याचा अख्खा दिवस यात गेला होता. अर्थात यातून फक्त इन्स्टॉलर सुधारेल. पीएक्सईच्या त्या चार हाका फर्मवेअरमध्ये आहेत, तिथला ई१६ अधूनमधून येतच राहील.

काटाघर_सोलापूर

आठ दिवसांनी लिहितोय, उशीर झाला.

एजन्सीचा मुलगा आला. तरुण आहे, मी या धाग्यातली मांडणी छापून त्याच्या हातात दिली. त्याने ती शांतपणे वाचली आणि म्हणाला, सर, बंद करायला सांगणारेच जास्त भेटतात. सर्व्हरचे सहा पोर्ट एज केले, गार्ड लावला. काट्यांकडच्या दोन पोर्टवर नुसता गार्ड. मग मीच म्हणालो, आता एक नंबरच्या केबिनमध्ये जाऊन तीच केबल पुन्हा खोचूया. गाड्या नाहीत तोवर बघून घेऊ. खोचली. तो एक पोर्ट बंद पडला, बाकी सगळं चालू. लॅबमधल्या ताईंना तर काही झालं हे कळलंही नाही. बंद पडलेला पोर्ट पाच मिनिटांनी आपोआप परत उघडेल अशी सोय त्याने करून दिली आणि पासवर्डचं पाकीट आमच्या लेखापालांच्या तिजोरीत ठेवलं.

तिन्ही सर्व्हर नेटवर्कवरून उभे झाले. पीएक्सईची ओळ उमटते आणि त्याच सेकंदाला लॉगमध्ये डिस्कव्हर, टेबलासारखंच. संगणकांपैकी सात झाले. पेनड्राइव्ह_बरा दादांची युक्ती शेतकी ऑफिसातल्या दोन जुन्या मशिनांना खरंच लागली, त्यांत ब्रॉडकॉमचंच कार्ड निघालं.

पेनड्राइव्ह_बरा

मस्त! एक विचारू? सर्व्हरच्या बूट क्रमात नेटवर्क अजून वरच आहे का? तुमचं प्रीसीड काही न विचारता डिस्क पुसतं. हंगामात वीज गेली, सर्व्हर पुन्हा चालू झाला, आणि तुमचा लॅपटॉप नेटवर्कवर असला तर काय होईल?

काटाघर_सोलापूर

दादा, हे वाचून अंगावर काटा आला. तीनपैकी एका सर्व्हरवर नेटवर्क वरच होतं. आत्ता जाऊन खाली आणलं. डीएनएसमास्कमध्ये आता मॅक पत्त्यांची (प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) यादी केलीये, त्या यादीत नाव असेल त्यालाच इन्स्टॉलरचा मेनू. बाकी कुणी आलं तर स्थानिक डिस्कवरून बूट. मशीन पूर्ण झालं की त्याची ओळ मी यादीतून काढतो, आणि कोणती काढली ते ऑपरेटर वहीत लिहितो.

उरलेले चार संगणक सोमवारी. मग लॅपटॉपची केबल काढून ठेवणार आहे. गुरुवारी बॉयलरचं अग्निप्रदीपन आहे.